चौथं उत्तर

पडद्यावर माझी मुलगी होती आणि खोलीतल्या बाकीच्या चौघांना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ती सात नंबर. आमच्याकडे गेम तपासायला बाहेरची माणसं बोलावतात तेव्हा त्यांना नावं नसतात. बारा माणसं, बारा खुर्च्या आणि प्रत्येकासमोर एक बारीक कॅमेरा, खेळताना चेहरा कसकसा होतो ते टिपायला. मग चार दिवसांनी आम्ही टेबलाभोवती बसून ते चेहरे पाहतो. कुणी कुठे जांभई दिली, कुणी कुठे मोबाइल काढला. एक नंबरनं तिसऱ्या मिनिटाला नाक खाजवलं यावरही आमच्याकडे चर्चा होते, पगार घेऊन. तर सकाळचे साडेअकरा, हातात कागदी पेल्यातला चहा, आणि चाचण्यांचं काम बघणारी बाई म्हणाली, "आता सात नंबर बघा हं, ही खास आहे." आणि भिंतभर माझ्या मुलीचा चेहरा आला. डोळ्यांखाली काळं, केस बांधलेले नाहीत, अंगात ते टोपीवालं राखाडी जॅकेट. मी चहाचा घोट घेतला होता, तो तोंडातच राहिला. मग गिळला. दुसरं काय करणार.

तिला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झालेत. अठराच्या पुढे पालकाची सही लागत नाही, कुणीही नाव नोंदवावं आणि यावं. गुरुवारी, चाचणीच्या दिवशी, मी दिवसभर आवाजाच्या स्टुडिओत असणार हे तिला माहीत होतं, कारण बुधवारी जेवताना मीच ते बोललो होतो, ती ऐकत नाहीये असं समजून. आणि गुरुवारी संध्याकाळपासून ती आपल्या खोलीला आतून कडी लावून बसली होती. दिवसातून दोनदा बाहेर यायची, न्हाणीघरात जायची, परत कडी. ताट दाराशी ठेवायचं. अर्धं परत यायचं. मी हाक मारली की काही नाही. हिनं मारली की "हं" एवढं. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, चार दिवसांत धड झोप नाही. चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते ती, शनिवारी एकाला उलटाच नंबर लिहून दिला म्हणून मालकाची बोलणी खाऊन आली. तिनं न्हाणीघरातल्या काही वस्तू उचलून आपल्या कपाटात कुलपात ठेवल्या. मला सांगितलं नाही. मी पाहिलं आणि विचारलं नाही. येत्या बुधवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मुलगी येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही म्हणाली नाही. "तुला काही बोलली का रे ती?" हिनं रविवारी मला विचारलं होतं, मी दाढी करत असताना. "गुरुवारी असं काय झालं?" मी म्हणालो, मला काय माहीत. ते तेव्हा खरं होतं. सोमवारी साडेअकराला खरं राहिलं नाही.

"इथे बघा," चाचणीवाली म्हणाली. "हिनं श्वास रोखलाय." खरंच रोखला होता. पडद्याच्या कोपऱ्यात लहान चौकटीत गेम दिसत होता, त्यात राखणी, म्हणजे आमच्या गेममधली जहाज राखणारी बाई, बोलत होती, आणि इकडे माझ्या मुलीचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. कप्तान पुढे वाकला. कप्तान म्हणजे आमचा प्रमुख. वयानं माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, पण गेम जहाजाचा म्हणून हे नाव त्याला चिकटलं आणि त्याला आवडलंही. "लागलंय," तो हळूच म्हणाला, देवळात बोलतात तसा. "मास्तर, वाक्य लागलंय. हा चेहरा बघा तुम्ही." मला म्हणत होता, बघा. मी बघत होतो.

मला मास्तर म्हणतात कारण या धंद्यात येण्याआधी मी सोळा वर्षं शाळेच्या पुस्तकांमधल्या धड्यांखालचे प्रश्न तयार करायचो. कोण, कोणास व केव्हा म्हणाले. कारणे द्या. राजाने दवंडी का पिटली, धाकट्या भावाने घर का सोडले. दोन गुण. प्रश्न माझे, आणि शिक्षकांच्या पुस्तिकेतली उत्तरंही माझीच, म्हणजे कुणाच्याही वागण्याचं कारण दीड ओळीत बसवायची सवय हाडीमासी मुरलेली. त्यावरच तर इथे नोकरी मिळाली. इथे प्रत्येक पात्राचं एक कार्ड असतं आणि त्यावर तीन रकाने: काय हवंय, कशाची भीती, काय लपवतंय. कार्ड भरल्याशिवाय पात्राला हाडं मिळत नाहीत, हा आमच्याकडचा कायदा. हाडं खरोखरची, पात्राचं शरीर हलावं म्हणून त्याच्या आत संगणकावर सांगाडा बसवतात, आणि तो बसवणारी जी बाई आहे तिला आम्ही हाडवैद्य म्हणतो. ती म्हणते, माणसाला काय हवंय हे कळल्याशिवाय त्याचे खांदे कसे ठेवायचे ते मला कळत नाही. ज्याला काही हवंय तो पुढे झुकतो, ज्याला भीती आहे तो मान आखडतो. बरोबर आहे तिचं. पण राखणीचं कार्ड पाच महिने कोरं होतं आणि राखणी पाच महिने बिनहाडांची, दोन्ही हात आडवे पसरून, कोऱ्या पांढऱ्या जागेत उभी होती.

ही राखणी म्हणजे जहाजावर एकटी जागी असलेली बाई. चार हजार माणसं थंड पेट्यांमध्ये झोपलेली, जहाज दूरच्या एका ग्रहाकडे निघालेलं, पोचायला अजून साठ वर्षं. तिनं लक्ष ठेवायचं. पण जहाज स्वतःच स्वतःचं सगळं करतं, तिच्यावाचून काही अडत नाही. गेम खेळणारा इकडे मागे, घरच्या ग्रहावर, एका खोलीत बसून तिच्याशी बोलतो, आणि एके दिवशी ती उत्तरं द्यायची थांबते. तिला पुन्हा बोलतं करायचं, हा गेम. ती का थांबली? मी आधी लिहिलं, तिला घरी परत यायचंय. लोक कंटाळले. मग लिहिलं, तिच्या पोटचं मूल त्या पेट्यांपैकी एकीत आहे. कप्तान म्हणाला, मास्तर, रडारड नको. मग लिहिलं, तिला एक भयंकर गुपित कळलंय. कुठलं गुपित ते मलाही माहीत नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं. मी कप्तानला म्हणायला लागलो की तीन रकान्यांची ही पद्धतच चुकीची आहे.

मग ती गाडीतली संध्याकाळ झाली. हिचं दुकान बंद व्हायला वीस मिनिटं होती आणि मुलगी आणि मी समोर गाडी लावून थांबलो होतो. कॉलेज तिनं तेव्हा नुकतंच सोडलं होतं. सोडलं म्हणजे एक दिवस गेली नाही, मग दुसऱ्या दिवशी गेली नाही. मी रेडिओ लावायला हात पुढे केला तर म्हणाली, "नको ना." मग काचेतून समोर बघत, कुणाचा तरी पत्ता सांगावा तशा आवाजात म्हणाली, "मला काही झालेलं नाहीये, बाबा. सकाळी उठते. भूक लागली की खाते. कुणी हाक मारली की ओ देते. पण ओ कोण देतं ते मला कळत नाही. आत कुणी नाहीये." समोर हिच्या दुकानातला एक दिवा विझला. "तुला असं कधी होतं का?" तिनं विचारलं. आणि म्हणाली, "आईला सांगू नकोस."

मी आईला सांगितलं नाही. तेवढं मात्र पाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते हिरव्या अक्षरांत लिहिलं. आमच्याकडे कच्चे संवाद हिरवे असतात. म्हणजे हे नुसतं जागा धरायला आहे, बसमध्ये रुमाल टाकतात तसं, खरं वाक्य नंतर येणार. सगळे असंच करतात. एकानं लढाईच्या प्रसंगात आठ महिने किराण्याची यादी ठेवली होती. मी मनाशी म्हटलं, दुपारपर्यंत बदलतो. एवढंच केलं की 'बाबा' काढलं आणि शेवटचं वाक्य 'तिकडे तुमच्यात कुणाला असं होतं का?' असं केलं. आणि कार्डावर, काय हवंय: काही नाही. कशाची भीती: कुणी विचारेल याची. काय लपवतेय: आत कुणी नाही हे. तीन रकाने चार मिनिटांत भरले. दुपारी कप्तान माझ्या खुर्चीमागे उभा. दोनदा वाचून म्हणाला, "मास्तर, हे कुठून आणलंत?"

मी म्हणालो, "सुचलं."

त्या एका शब्दावर मी तीन महिने जगलो, खोटं कशाला बोला. हाडवैद्यनं दोन दिवसांत राखणीला हाडं बसवली आणि मला बोलावून दाखवलं. खांदे पुढेही नाहीत, मागेही नाहीत, हात आपले नुसते असल्यासारखे. "हिचं उभं राहणं मला आपोआप कळलं," ती म्हणाली. आवाज द्यायला आलेल्या बाईंनी वाक्य म्हटलं आणि काचेपलीकडे बसलेल्या माणसानं डोळे पुसले. अक्षरं हिरव्याची काळी झाली, म्हणजे वाक्य पक्कं. मी ती केली नाहीत, पण होताना पाहिली. घरी आलो की मुलगी जेवणाच्या टेबलाशी बसलेली असायची, ताटातलं इकडून तिकडे करत, आणि मी तिच्या खांद्यांकडे बघायचो, हाडवैद्यनं बरोबर पकडलंय का ते पडताळायला. हे मी केलं आहे. सख्ख्या मुलीचे खांदे.

आणि उत्तरं. राखणी बोलते तेव्हा खेळणाऱ्यासमोर तीन उत्तरं येतात आणि त्यातलं एक दाबायचं असतं. तीही मीच लिहिली, जेवणाच्या सुट्टीआधी, घाईत. पहिलं: 'होईल सगळं ठीक. थोडा धीर धर.' दुसरं: 'तुझ्या भरवशावर किती माणसं आहेत ते बघ.' तिसरं: संपर्क तोडा. काहीही दाबलं तरी राखणी पुढे बोलत नाही, खेळणारा पुढच्या टप्प्यावर जातो. उत्तरांना आमच्याकडे फार कुणी विचारत नाही. लोकांना पात्राचं वाक्य लक्षात राहतं, आपण काय म्हणालो ते कोण लक्षात ठेवतो.

"आता गंमत बघा," चाचणीवाली म्हणाली आणि फीत पुढे पळवली. कोपऱ्यातलं घड्याळ धावलं आणि माझ्या मुलीचा चेहरा तिथेच. मधूनच तिचा हात हलायचा, छोट्या चौकटीत काहीतरी दाबलं जायचं, मग ती मागे यायची, पुन्हा तीच जागा. "एकोणीस मिनिटं. बाकी कुणी एक मिनिटसुद्धा थांबलेलं नाही. हिनं तिन्ही उत्तरं देऊन पाहिली, परत परत. मग नुसती बसून राहिली. आणि मग उठून गेली, फॉर्म कोराच ठेवून." कप्ताननं टेबलावर बोटं वाजवली. "गुंतलीय," तो म्हणाला. "जाहिरातीत हेच वाक्य घ्यायचं. ठरलं." एकोणीस मिनिटं ती माझी चोरी पाहत बसली होती. गाडीत सांगितलेलं, आईलाही न सांगितलेलं, एका परक्या बाईच्या गळ्यातून, अकरा अनोळखी लोकांच्या शेजारी बसून. मी म्हणालो, "ते वाक्य काढू या." सगळे हसले. लेखक असे लाजतात कधीकधी. "काढू या म्हणतोय मी," मी पुन्हा म्हणालो, आणि आवाज जरा चढला असावा, कारण हसणं थांबलं. कप्तान म्हणाला, "कारण द्या, मास्तर." तो थट्टेनं म्हणाला, माझाच जुना प्रश्न मला. आणि मला दीड ओळसुद्धा जमेना. सांगावं तर तिचं गुपित आणखी चौघांना वाटल्यासारखं. न सांगावं तर ते पुढच्या महिन्यात लाखांना ऐकू जाणार. "मास्तर, पाणी घ्या," हाडवैद्य म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्या चेहऱ्याकडे. हाडांचं काम करणारी माणसं, जबड्यावरून नातं ओळखतात. मी म्हणालो, पोट बिघडलंय, आणि उठलो.

जागेवर येऊन फाइल उघडली तर वाक्याला कुलूप. आवाज भरला गेला की वाक्याला हात लावता येत नाही, कप्तानच्या परवानगीशिवाय. मी तरी खोडायचं बटण दाबत राहिलो, पंधरा-वीस वेळा, लिफ्ट लवकर यावी म्हणून लोक दाबतात तसं. मग बॅग घेतली आणि निघालो. बसमध्ये उभ्याउभ्या मी तिला काय म्हणायचं ते जुळवत होतो. चांगलं जुळत होतं, हीच तर रड. आधी कबुली, मग कारण, मग माफी. मी थकलो होतो, नोकरी जायची वेळ होती, मला वाटलं कुणाला कळणार आहे. नाही, कारण नको, नुसती कबुली जास्त परिणाम करील. परिणाम. या शब्दावर मला माझीच किळस आली, शेजारच्या माणसानं सरकून जागा दिली, त्याला वाटलं मला ओकारी येतेय. खिडकीतून दुकानं जात होती, माणसं काहीतरी विकत घेत होती, प्रत्येकाला काहीतरी हवं होतं. मला हे दृश्य पहिल्यापासून नवलाचं वाटत आलं आहे. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा वसतिगृहाच्या खाटेवर मी दोन महिने पडून होतो, ताप नाही, काही नाही. भिंतीवर एक पोपडा होता, त्याच्याकडे बघायचो. वडील येऊन बघून गेले आणि म्हणाले, अंगात आळस भरलाय. काका म्हणाले, लग्न लावून द्या. मी उठलो ते बरा होऊन नव्हे. मला एवढंच कळलं की ज्याला काही हवंय अशा माणसासारखं वागता येतं. मित्र दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे, मीही घ्यायला लागलो. ते निवडणुकीवर भांडायचे, मी एक बाजू घेतली. लग्नाआधी हिनं विचारलं, तुला काय आवडतं, मी तिला आवडणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या, तिला वाटलं काय योग आहे. वाईट चाललं नाही. प्रेम नव्हतं असं नाही. हिच्यावर आहे, पोरीवर तर आहेच. पण सकाळी डोळे उघडले की अजूनही आधी काही क्षण तो पोपडा असतो, आणि मग मी एकेक करून स्वतःला गोळा करतो, किल्ल्या, चष्मा, नाव. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मुलगी झाली तेव्हा सगळे म्हणाले, नाक बापाचं, भुवया आईच्या. मी मनात म्हटलं, तेवढंच असू दे. आणि त्या संध्याकाळी गाडीत तिनं ते शब्द उच्चारले तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट दया नव्हती, काळजीही नव्हती. खाण तशी माती, एवढंच आलं, आणि मी असा घाबरलो की उचलली जीभ लावली टाळ्याला.

घर शांत होतं. ही दुकानात, आणखी रजा मागायची सोय नव्हती. दर तासाला फोन करायचा असं ठरलं होतं, तिनं मला किंवा मी तिला. दाराशी सकाळचं ताट तसंच. मी ते उचलून ओट्यावर ठेवलं, हात धुतले, उगाच पुसले, आणि तिच्या दारासमोर जाऊन उभा राहिलो. "मी आहे," म्हणालो. काही नाही. "आज लवकर आलोय." काही नाही. "मी ती चाचणीची फीत पाहिली." आत काहीतरी हललं, किंवा मला वाटलं. मग मी बोलायला लागलो. बसमध्ये जुळवलेलं सगळं बोललो, कबुली, माफी, कारण नको म्हणता म्हणता कारणही. तुझा विश्वास मोडला म्हणालो. तुझे शब्द विकले म्हणालो. कुलूप लागलंय, पण मी कप्तानशी भांडेन, नोकरी गेली तरी बेहत्तर, ते वाक्य काढूनच दम घेईन. शेवटी आवाज फुटला, आणि तो खरा फुटला की मी फोडला हे मला अजूनही सांगता येणार नाही. मग थांबलो. फ्रीजचा आवाज येत होता. पाय दुखायला लागले म्हणून मी खाली बसलो, दाराला पाठ लावून.

"बाबा." आवाज माझ्या कानाशीच आला, खालून. ती दारापलीकडे जमिनीवरच बसलेली होती. कधीपासून कोण जाणे.

"हं."

"ते तू घेतलंस ना, त्याचं मला एवढं काही नाही." चार दिवस न वापरलेला आवाज, मध्येच खरखरणारा. "म्हणजे आधी राग आला. तोंडावर मारल्यासारखं झालं. पण मग मला वाटलं, यानं एवढं शब्दन्‌शब्द लक्षात ठेवलंय, लिहून काढलंय, म्हणजे यानं विचार केला असणार. तेव्हा गाडीत पटकन सुचलं नसेल त्याला. पण नंतर त्यानं उत्तर लिहिलं असणार."

मी मान वळवून दाराला कान लावला.

"तीनच होती. मी तिन्ही दाबली. मग मला वाटलं, चौथं लपवलं असेल. गेममध्ये असतं ना, नुसतं थांबून राहिलं, काहीच दाबलं नाही, की मग दिसतं. म्हणून थांबले. शेजारचे सगळे पुढे गेले. नव्हतंच ना?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"ती तीन तर तू गाडीतच दिली होतीस."

दिली होती. होईल सगळं ठीक, थोडा धीर धर, हे मी गाडीत म्हणालो होतो. मग म्हणालो होतो, आई बघ तुझ्यासाठी किती करते. मग ही दुकानाचं शटर ओढून आली आणि मी किल्ली फिरवून गाडी सुरू केली. त्याच क्रमानं. तीन महिने, भरपगारी, शांत खोली, दार लावून विचार करायला मोकळीक, आणि मी त्या गाडीतल्या मिनिटाच्या पुढे एक पाऊल गेलो नव्हतो. चोरीची माफी मागणं किती सोपं होतं. तिनं मला प्रश्न विचारला होता, आणि तो प्रश्न मी छान नीटनेटका करून पात्राच्या तोंडी घातला होता, आणि अजूनही तो तिथेच उभा होता, माझ्या पाठीमागे, अडीच सेंटिमीटर लाकडाच्या पलीकडे. मला भरून आलं नाही. मला भीती वाटली, नुसती भीती. कारण उत्तर मला माहीत होतं, गाडीतही माहीत होतं. ते दिलं तर तिला कळणार की हे कुठून आलं. आणि त्याहून वाईट, तिला कळणार की बाप पन्नाशीला आला तरी ते तिथेच आहे. न्हाणीघरातल्या वस्तू कुलपात ठेवायची वेळ आलेल्या पोरीला हे सांगायचं? कुठला बाप सांगतो? लोक म्हणतील, धीर द्यायचा सोडून. खिशात फोन थरथरायला लागला, तीन वाजले होते, हिचा असणार. मी तो उचलला नाही. पहिल्यांदाच मला असं झालं की पुढचं वाक्य कसं ऐकू येईल याचा विचार करायला डोक्यात जागाच नव्हती.

"हो," मी म्हणालो.

"काय हो?"

"मला असं होतं का, विचारलं होतंस. होतं."

फोन थांबला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली.

"कधीपासून?"

"तुझ्याहून एका वर्षानं मोठा होतो तेव्हापासून."

"अजून?"

"आज सकाळीसुद्धा."

ती इतका वेळ गप्प राहिली की मी उठून दारावर हात मारणार होतो, नाव घेऊन ओरडणार होतो, कडी तोडायला काय लागेल याचा हिशेब मी केला होता. मग ती म्हणाली, "म्हणजे हे जात नाही."

"माझं नाही गेलं," मी म्हणालो. तोंडात शब्द दगडासारखे जड होत होते पण मी ते बाहेर काढत होतो. "पण मी कधी कुणाला विचारलंच नाही. तुझ्या आजोबांना नाही, आईला नाही, डॉक्टरला नाही. तू निदान विचारलंस. तुझं जाईल की नाही मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. बुधवारी आपण दोघं जाऊ. दोघंही दाखवू. आईला मी माझं सांगतो. तुझं तू सांग, सांगायचं तेव्हा."

कडी निघाल्याचा आवाज आला. दार आत उघडलं आणि टेकायला काही राहिलं नाही, मी एका हातावर कसाबसा सावरलो. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, चेहरा सुजलेला, ओठ फाटलेले. खोलीत कोंदट वास होता. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मी नवीन कुणी असल्यासारखं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि मला तोंड फिरवावंसं वाटलं तरी मी फिरवलं नाही.

"मग तू रोज करतोस काय?" तिनं विचारलं. थट्टा नव्हती त्यात. तिला माहिती हवी होती.

मी विचार केला. मोठं काही सापडेना.

"उठतो," मी म्हणालो.

"आणि मग?"